चमचाभर दया

सुनेने पाव टेबलावर ठेवला तेव्हा आवाज झाला. पाव ठेवल्यावर आवाज होऊ नये. वीट ठेवली तर होतो, इस्त्री ठेवली तर होतो. सासऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं.

"काय पडलं गं?"

"काही पडलं नाही, बाबा. पाव आहे."

"अस्सं," म्हणून त्याने पुन्हा पेपरात डोकं खुपसलं. त्या घरात सहानुभूती दाखवायची ती एवढीच पद्धत होती.

सुरी पावावर नुसती घसरत होती. नवऱ्याने सुरी बघितली, पाव बघितला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, कुठल्याही अडचणीकडे अवजाराच्या नजरेने बघायची त्याला सवय. "करवत आणू का?" त्याने विचारलं. थट्टा नव्हती. करवत खाली गाडीत होतीच.

शेवटी एक कपचा निघाला आणि तो सासूपुढे गेला. सासू खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. जन्मभर बेकरीत पीठ मळलेली बाई; मनगटं एके काळी पैलवानासारखी. आता अंगावरचे कपडे दोरीवर वाळत घातल्यासारखे लोंबत होते. तिने कपचा तोंडात घातला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाली, "चांगलाय."

संध्याकाळी झाडांना पाणी घालताना सुनेला तो कपचा कुंडीत सापडला. मुंग्यांनीही त्याला वळसा घातला होता.

सासूला गहू पचत नव्हता. पचत नव्हता म्हणजे पोट जड होतं, तसलं नव्हे. गव्हात जे चिकट असतं, ज्याच्या जोरावर कणीक ताणली जाते, ते ग्लूटेन तिच्या आतड्याला आतून खरवडत होतं. जिने आयुष्यभर गावाला पाव खाऊ घातला तिला पावानेच मारायला घेतलं होतं. देव असलाच तर त्याची विनोदबुद्धी हलकट आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "गव्हाचा कण चालणार नाही. कण म्हणजे कण. पर्याय भरपूर आहेत." पर्याय भरपूर आहेत असं सांगणाऱ्या माणसाला ते पर्याय कधी चावावे लागत नाहीत. जाता जाता ते असंही म्हणाले होते, की पुढच्या तपासणीपर्यंत वजन चढलं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळीने खाऊ घालावं लागेल.

"नळी घालण्यापेक्षा माती घाला माझ्यावर," सासू म्हणाली होती.

तेव्हापासून सून पावाच्या मागे लागली. या घरात पाव म्हणजे जेवण, बाकी सगळं तोंडीलावणं. भात समोर ठेवला की सासू तोंड फिरवायची, बटाटा ठेवला की डोळे मिटून घ्यायची. दिवसभर सून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायची. फोनवरच्या शिव्या कानात तशाच घेऊन घरी यायची, आणि तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, बटाट्याचं स्टार्च एकत्र करायला घ्यायची. हे सगळं एकमेकांना धरून राहावं म्हणून त्यात इसबगोल घालायची.

"इसबगोल?" सासऱ्याने पहिल्यांदा डबा बघून विचारलं होतं. "म्हणजे पाव आत जाण्याआधीच बाहेर पडायची सोय?"

पण इसबगोल घालूनही पीठ धरून राहीना. गव्हाची कणीक ताणते, हवा पोटात घेते, फुगते. तांदळाच्या पिठाचा प्रत्येक कण स्वतंत्र. कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. थोडक्यात, त्या घरातल्या माणसांसारखं. पुडीतलं यीस्ट बिचारं हवा सोडून सोडून दमायचं आणि हवा आली तशी निघून जायची.

म्हणून सुनेने ठरवलं, पुडीवर आता विसंबायचं नाही. तांदळाच्या पिठाचं स्वतःचं खमीर लावायचं. सावकाश, खिडकीतल्या उबेत.

खमीर त्या घराला नवं नव्हतं. गव्हाच्या खमिराची एक बरणी पिढीजात होती. सासऱ्याच्या आईने लावलेली, बरणीचं नाव 'म्हातारा'. त्या बाईने एक कायदाच घालून दिला होता: म्हाताऱ्याच्या जवळून रिकाम्या हाताने जायचं नाही. जाता-येता बरणीत एक चमचा पीठ टाकायचं. तहान लागली म्हणून स्वयंपाकघरात गेलात, आधी म्हाताऱ्याला चमचा, मग स्वतःला पाणी. सगळ्यांचे हात असे वळले होते की डोक्याला न विचारता चमचा भरायचे.

आजार कळला त्याच दिवशी सुनेने फर्मान काढलं होतं. "बाबा, गव्हाचं पीठ आणि ती बरणी, दोन्ही आजच्या आज बाहेर."

सासरा बरणी पोटाशी धरून गेला आणि मयताहून परतावं तसा चेहरा करून परत आला. "टाकली," म्हणाला. टाकली नव्हती. जिन्याखालच्या कपाटात, रंगाच्या डब्यांमागे ठेवली होती. शेजारी पिठाचा डबा. काही दिवसांनी पाना शोधताना ती नवऱ्याला दिसली. त्याने बापाला काही विचारलं नाही, बायकोला काही सांगितलं नाही, नुसता एक चमचा घातला. नणंदेचं गल्लीच्या टोकाला केस कापायचं दुकान होतं. तिला बापानेच विश्वासात घेऊन सांगितलं. म्हणजे ज्या बाईच्या जिवासाठी बरणी हलवायची होती ती बाई आणि जिने हलवायला सांगितली ती सून, एवढ्या दोघी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. खोटं बोलणारी माणसं एका छपराखाली राहायला लागली की त्याला कुटुंब म्हणतात.

नव्या बरणीचं नाव नणंदेने ठेवलं. "ही आपली नवरी."

नवरी खिडकीत बसली आणि बसूनच राहिली. बुडबुडा नाही, फुगवटा नाही. वर करडं पाणी, खाली चिखल, आणि न वाळलेल्या मोज्यांसारखा वास. सून रोज सकाळी झाकण उघडून बघायची आणि परत लावायची.

नवरीची दया पहिल्यांदा सासऱ्याला आली. एका सकाळी सून कचेरीत गेल्यावर तो जिन्याखाली गेला आणि गव्हाच्या पिठाचा एक चमचा घेऊन वर आला. 'एवढ्याने काय होतंय? आंबलं की त्यातलं वाईट सगळं मरतं.' हे शास्त्र त्याने तिथल्या तिथे, बरणीसमोर उभ्या उभ्या तयार केलं होतं.

बायकोचा पडलेला चेहरा नवऱ्याला बघवेना, म्हणून त्यानेही एक चमचा घातला. त्याचं शास्त्र विजेचं होतं: एवढीशी गळती कुठल्याही वायरिंगमध्ये असतेच, फ्यूज काही उडत नाही. दुकान बंद असेल त्या दिवशी नणंद यायची. तिचं मत पडलं, की आईला थोडं थोडं दिलं तर उलट सवयच होईल. केस कापता कापता ती गिऱ्हाइकांना याहून वाईट सल्ले देत होती, आणि लोक ते ऐकतही होते.

तिघांनीही हे एकमेकांपासून लपवून केलं. प्रत्येकाला वाटलं, जाता-येता आपला एकच तर चमचा आहे. सून या घरात नवरी म्हणून आली तेव्हा 'जेवलीस का' एवढं विचारायला या लोकांना कित्येक महिने लागले होते. तांदळाच्या चिखलाची मात्र सगळ्यांना दया आली.

आणि नवरी उठली. एका सकाळी झाकण ढकलून बाहेर डोकावली. सुनेने कचेरीला दांडी मारली, पीठ मळलं, भाजलं. पाव ओव्हनमधून बाहेर आला तो फुगलेला, तांबूस, वर मधोमध तडकलेला. तिने तो टेबलावर ठेवला. आवाज झाला नाही.

"अरे, हा तर पाव आहे!" सासरा म्हणाला. इतकं आश्चर्य त्याने दाखवायला नको होतं.

सुनेने फोड कापून सासूला दिली आणि हातात फडकं धरून समोर उभी राहिली. सासूने घास घेतला. एकदा चावला. दुसऱ्यांदा चावला, आणि थांबली. तिने सुनेकडे बघितलं. सून श्वास रोखून उभी होती, कपाळाला पीठ लागलेलं.

"कसा झालाय, आई?"

सासूने घास गिळला. "अजून एक फोड दे."

सून हसली. त्या घरात ती तशी हसू शकते हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं.

त्यानंतर सासू रोज पाव खायची आणि रोज खंगायची. खाल्ल्यावर तासाभरात भिंत धरत मोरीकडे जायची, नळ मोठा सोडायची. बाहेर आली की म्हणायची, "काही नाही गं, वय झालं." सून आणखी जाड फोड कापायची. बिचारीचं गणित सरळ होतं: खातेय तर अंगी लागायला वेळ द्यायला हवा. तिघे चमचेवाले मान खाली घालून जेवायचे. त्यांचंही गणित सरळच होतं: एका चमच्याने एवढं होणार नाही, म्हणजे दुसरंच काहीतरी असणार.

असंच चालू राहिलं असतं आणि एक दिवस शांतपणे म्हातारीला पोचवून आले असते सगळे. पण सुनेने एका रात्री जेवताना आनंदाची बातमी दिली.

"औषधाच्या दुकानातली बाई आहे ना, तिच्या मुलीलाही आईंचाच आजार आहे. शाळेत बाकीच्यांचे डबे बघून रडते म्हणे पोरगी. मी म्हटलं, उद्या तुझ्या मुलीसाठी पाव आणते, पोटभर खाऊ दे."

सासऱ्याच्या हातातला चमचा ताटात पडला. नवऱ्याला ठसका लागला. नणंद म्हणाली, "लहान मुलीला कशाला वहिनी? दात किडतात."

"पावाने?"

"हल्ली कशानेही किडतात."

शहाणी माणसं त्या क्षणी तोंड उघडून खरं बोलली असती. हे तिघे आपापल्या अंथरुणात पाव कसा मारायचा याचा विचार करत पडले.

सकाळी पाव तयार झाला. "मी बांधून देतो," म्हणत नवऱ्याने तो उचलला आणि फरशी पुसायच्या बादलीत सोडला. जे हात लोंबत्या लिफ्टखाली स्क्रू पकडतात, त्यांच्यातून पाव निसटला.

"अरे, असा कसा पडला?"

"गरम होता."

"थंड करून ठेवला होता मी!"

"मग गार म्हणून दचकलो असेन."

सुनेने पुन्हा पीठ भिजवलं. दुसऱ्या दिवशी ओव्हनमधून काढलेला पाव खुर्चीवर फडक्याखाली ठेवून ती पिशवी आणायला वळली. परत आली तर सासरा खुर्चीवर बसलेला. ताठ, चेहरा लालबुंद.

"बाबा! पाव आहे खाली!"

"हो का? दिसला नाही."

"भाजलं नाही तुम्हाला?"

"भाजतंय," सासरा म्हणाला, पण पाव पुरता चपटा होईपर्यंत हलला नाही. त्या घरात कुणी कुणासाठी इतकं सोसल्याचा दुसरा दाखला नाही.

तिसऱ्या पावाच्या वेळी नणंद म्हणाली, "मी देते नेऊन, तुला कचेरीला उशीर होईल." गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. कुत्र्याने पळवला म्हणाली.

"कुठल्या कुत्र्याने?"

"औषधाच्या दुकानासमोरच्या."

"तिथे कुत्रा नाहीये, वन्सं. ती बाई कुत्र्याला घाबरते, तिने सगळे हाकलून लावलेत."

"नवीन आलाय."

सुनेने फडकं टेबलावर आपटलं. "कळतं मला. दिवसभर लोकांच्या थापाच ऐकते मी. तुम्हाला बघवत नाही ना? या घरात येऊन मला एक गोष्ट जमली. एकच! ती चार लोकांनी चांगली म्हटली तर तुमच्या पोटात दुखतं!"

"आमच्या नाही दुखत," नवरा पुटपुटला. त्या सगळ्या प्रकरणात तो तेवढं एकच वाक्य खरं बोलला होता.

चौथा पाव सुनेने स्वतः भाजला, स्वतः बांधला आणि पायात चपला घालूनच ओव्हनपुढे उभी राहिली. निघाली तर दारात तिघे. नवरा म्हणाला, जिन्यातला दिवा गेलाय. सासरा म्हणाला, आभाळ भरलंय. नणंदेला काहीच सुचेना म्हणून ती नुसतीच रडायला लागली.

"बाजूला व्हा."

"ऐक जरा..."

"बाजूला व्हा म्हणते ना!"

"नको नेऊस गं," खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूचा आवाज आला. "गव्हाचा आहे तो."

सून वळली. "काय म्हणालात?"

"गहू आहे त्यात. पहिल्या घासालाच कळलं मला. जन्म गेला माझा पिठात."

"कळलं होतं? मग खाल्लात कशाला?"

सासूने खिडकीबाहेर बघितलं. "तू हसलीस. म्हटलं, हिचं एवढं तरी होऊ दे." मग म्हणाली, "आणि खोटं कशाला बोलू, लागलाही छान. जायचंच आहे तर उपाशी कशाला जायचं? पण त्या पोरीचं तसं नाही. तिला राहायचंय."

 मग सासऱ्याने घसा खाकरला. "मी एकच चमचा घालत होतो."

"तुम्ही?" नवरा उसळला. "मी घालत होतो एक चमचा! तुम्ही कशाला घातलात?"

"दादा, तू पण?" नणंदेने डोळे पुसले. "मला वाटलं मी एकटीच. मी तर फक्त आले की घालायचे."

"किती बेजबाबदार आहात रे तुम्ही!" सासरा म्हणाला. "निदान मी चमचा सपाट तरी घेत होतो!"

चमचा सपाट की शिगोशीग यावर बापलेकांची जुंपली, आणि त्या भांडणात जिन्याखालचं कपाट, पीठ, म्हातारा सगळं बाहेर आलं. सुनेने हातातला पाव कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवरीला मोरीत ओतलं. मग जिन्याखाली गेली आणि म्हाताऱ्याला पिठाच्या डब्यासकट घेऊन आली; त्यालाही ओतलं, पीठ कचऱ्यात टाकलं. पिढीजात खमीर भोकातून गुळगुळ करत गेलं. सासरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुनेने लाकडी चमचे फेकले, पोळपाट फेकला, गाळण्या फेकल्या, फडकी जाळली. सासूला मात्र ती एक शब्द बोलली नाही. तिघांवरचा राग मोठा होता, पण तो रोजचाच होता. सासूवरचा राग कुठे ठेवावा हे तिला कळेना.

तपासणीत वजन आणखी उतरलेलं निघालं. नळी लागली. सासू दवाखान्यात नाकात नळी घालून छताकडे बघत पडली, आणि हे चौघे पाळीपाळीने शेजारी बसून तेच छत बघत राहिले. नर्सने विचारलं, "घरी गहू कुणी दिला यांना?" त्या वेळी पाळी सुनेची होती. ती म्हणाली, "मी."

सासू घरी आली ती जेमतेम किलोभर वजन चढवून. सुनेने नवी बरणी आणली, नवं तांदळाचं पीठ आणलं. खमिराला ऊब लागते, हवा लागते, कपाटात कोंडता येत नाही. बरणी पुन्हा खिडकीत बसली. या वेळी तिला कुणी नाव ठेवलं नाही. तिच्या समोरून जाताना तिघेही हात पाठीमागे बांधून जायचे. तयार होईपर्यंत पुडीतलं यीस्ट आणि विटाच होत्या.

आणि एका सकाळी बरणी फुगली. बुडापासून वरपर्यंत बुडबुडे, वर फेसाचा घुमट.

सून कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने सगळ्यांना बोलावलं.

"कुणी घातलं?"

"मी नाही," नवरा म्हणाला. "खरंच नाही. गहू आहेच कुठे घरात?"

"मागे तरी घरात कुठे होता?"

"वहिनी, मी आठवडाभर इकडे फिरकलेही नाही," नणंद म्हणाली.

"माझ्या आईची शपथ," सासरा म्हणाला.

"त्यांचीच बरणी लपवली होती तुम्ही, बाबा."

सासू भिंत धरत खुर्चीतून उठली. बरणीजवळ आली, झाकण काढून वास घेतला. बोट बुडवून दोन बोटांत चोळलं. तिच्या चेहऱ्यावर पूर्वीची बेकरीवाली बाई क्षणभर येऊन गेली.

"तांदळाचीच आहे," ती म्हणाली. "स्वच्छ आहे, पोरी. आपली आपण वर आलीये. मला कळतं."

"तुम्हाला तेव्हाही कळलं होतं, आई."

सासूने बोट पदराला पुसलं आणि परत खुर्चीत जाऊन बसली.

सुनेने बरणी उचलली. मोरीवर तिरकी धरली, जरा थांबली, आणि ओतली. त्या दिवशी त्या घरात कुणीही खोटं बोललं नव्हतं. कुणीही बरणीला हात लावला नव्हता. फेस भोकाशी क्षणभर अडकला, मग पाण्याबरोबर गेला.

दुपारी तिने पुडीतल्या यीस्टचा पाव भाजला आणि टेबलावर ठेवला. आवाज झाला.

"काय पडलं?" सासऱ्याने पेपरामागून विचारलं.

"काही नाही पडलं," सासू म्हणाली आणि हात पुढे केला. "आण इकडे."

नवरा गाडीतून करवत घेऊन आला. त्याला कुणी हसलं नाही. सासूने कपचा दाढेखाली धरला, डोळे मिटून जोर लावला, तो मोडला.

"कसा झालाय?" सुनेने विचारलं.

"वाईट."

"खूप?"

"खूपच."

सुनेने समोरची खुर्ची ओढली, स्वतःसाठी एक कपचा घेतला. "मग खा," ती म्हणाली. मग बराच वेळ त्या स्वयंपाकघरात दोघींच्या चावण्याचा आवाज येत राहिला.